नवें घर आणि वऱ्हाडचे ऋतु

मोर्शी-वरूड भागांत संत्र्याची बाग राखणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. मृगबहार धरावयाचा असेल तर भर उन्हाळ्यांत पाणी तोडून झाडास ताण द्यावा लागतो. आंबिया बहार धरावयाचा असेल तर तोच ताण डिसेंबरांत द्यावा लागतो. म्हणजे जें फूल पावसाच्या तोंडीं यावयाचें त्याचें काम उन्हाळ्यांत होतें, आणि जें थंडी सरतांना यावयाचें त्याचें काम ऐन थंडींत. मृग लागल्यावर मृगबहाराचा विचार करूं लागणाऱ्यास त्या वर्षीं बहार मिळत नाहीं. हा नियम घरासहि तितकाच लागू आहे. परंतु बागेच्या बाबतींत जो शेतकरी एक ऋतु पुढें पाहतो, तोच घराच्या बाबतींत ऋतु दाराशीं येऊन उभा राहीपर्यंत पुष्कळदां स्वस्थ असतो. जुन्या गांवांत, वाडवडिलांच्या घरांत, हें खपून जातें. कारण जागा, पाया, छप्पर व पाणी यांची व्यवस्था पूर्वजांनीं ऋतु ओळखूनच केलेली असते. नव्या घरांत मात्र ही चूक महाग पडते, आणि कधीं कधीं तिची किंमत माणसांच्या जिवानें द्यावी लागते. यास्तव नव्या ठिकाणीं राहावयास गेलेल्या कुटुंबानें पहिलें वर्ष कसें काढावें, व कोणत्या ऋतूची तयारी केव्हां करावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

नव्या घरीं कोण जातात?

अमरावती व अकोला जिल्ह्यांत नव्या घरीं जाणारांचे तीन वर्ग दिसतात. पहिला वर्ग वांटणीनंतर, किंवा रानडुकरें व रोही यांपासून पीक राखण्यासाठीं, गांव सोडून वावरांत घर बांधणारांचा. दुसरा धरणामुळें उठलेल्या गांवांचा. सिंभोऱ्याचा ऊर्ध्व वर्धा प्रकल्प व भातकुलीकडील निम्न पेढी प्रकल्प यांमुळें अशा नव्या वस्त्या झाल्या आहेत. तिसरा वर्ग मेळघाटांतून मैदानावर आलेल्या लोकांचा. या तिसऱ्या वर्गाचें उदाहरण सर्वांत बोधप्रद असल्यामुळें तें प्रथम घेऊं.

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ सालीं स्थापन झाला. त्याच्या गाभ्यांतील गांवें बाहेर आणण्यास या शतकाच्या आरंभीं सुरुवात होऊन बोरी, कोहा व कुंड हीं गांवें प्रथम अकोट तालुक्यांत मैदानावर आलीं. पुढें २००८ सालीं प्रत्येक कुटुंबास दहा लाख रुपये देण्याची योजना झाल्यावर अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी इत्यादि गांवांचे लोक, बहुतेक कोरकू, अकोट व तेल्हारा या तालुक्यांत आले. २०१७ सालीं त्यांतील शेंकडों लोक पुन्हां डोंगरांत परतले. जानेवारी २०१९ मध्यें ते फिरून गेले असतां केलपाणीजवळ त्यांच्यांत व सरकारी पथकांत संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचीं माणसें जखमी झालीं. जमीन, रोजगार व दवाखाना यांविषयीं त्यांच्या तक्रारी होत्या. नव्या ठिकाणीं आमचीं माणसें आजारानें दगावलीं, हें त्यांचें मुख्य म्हणणें होतें.

या प्रश्नाच्या सर्व बाजूंचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. आपणांस त्यांतील एकच बाजू पाहावयाची आहे. हे लोक ऋतूंविषयीं अडाणी नव्हते. मोह केव्हां फुलतो, तेंदूचें पान केव्हां तोडावें, कोणता ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, कोदो-कुटकी कोणत्या उतारावर टाकावी, हें त्यांच्या घरांतील मुलासहि माहीत होतें. परंतु ज्या खुणांवर त्यांचें पंचांग टांगलेलें होतें त्या खुणा डोंगरांतच राहिल्या. नकाशावर हें अंतर बोटभर आहे. तथापि हजार मीटर खालीं उतरलें म्हणजे उष्णमान सरासरीनें सहा अंशांहून अधिक वाढतें, आणि चिखलदऱ्यास जितका पाऊस पडतो त्याच्या जवळजवळ निम्माच अकोल्यास पडतो. डोंगरांतील हलकी मुरमाड जमीन पाऊस उघडला कीं दुसऱ्या दिवशीं कामास येते. पयानघाटाची काळी जमीन चार-चार दिवस पाय ठेवूं देत नाहीं. डोंगरांत जनावरें रानांत चरत. येथें कडबा व कुटार विकत घ्यावें लागतें. बांबूच्या कुडाच्या, मातीनें लिंपलेल्या भिंती मागें राहिल्या आणि वर टिनाचें छप्पर आलें. तात्पर्य, सामान बंडीवर घालून नेतां येतें, ऋतूंचें ज्ञान नेतां येत नाहीं. तें नव्या जागीं नव्यानें मिळवावें लागतें. वावरांत घर बांधणाऱ्या आपल्यापैकीं प्रत्येकास हेंच, जरी लहान प्रमाणांत, लागू आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनीं गांवच्या जमिनीचे दोन भाग केले : काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. ही नुसती महसुलाची भाषा नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खोल काळ्या मातीचा चिकण अंश पाणी पिऊन फुगतो व सुकल्यावर आकसतो. म्हणून वैशाखांत तिला हात-हात खोल, कोठें कोठें पुरुषभर खोल, भेगा पडतात, आणि पावसाळ्यांत त्याच भेगा मिटून जमीन वर येते. तिच्यावर उथळ पायाचें घर बांधलें तर तें दरवर्षीं एकदां उचललें जातें व एकदां खचतें. आणि सर्व बाजूंनीं सारखें उचललें जात नसल्यामुळें भिंती तडकतात. गांवठाणाची पांढरी माती असा खेळ करीत नाहीं; शिवाय गांवठाण बहुधा आजूबाजूच्या शेतांहून उंच असतें. पांढरी सोडून काळींत घर बांधणारानें आपण कोणता आधार सोडीत आहों हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

यावर उपाय आहेत. पाया भेगांच्या खोलीच्या खालीं, शक्य तर मुरूम लागेपर्यंत, न्यावा. जेथें मुरूम फार खोल आहे तेथें तळाशीं फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनींत उतरवून त्यांवर घर उभें करण्याची रीत आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें ती अशा जमिनींसाठींच प्रचारांत आणिली. जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानें ती करावी. कोणतीहि रीत धरली तरी तीन गोष्टी चुकूं नयेत. जोत्याची भरती मुरमाची असावी, काळ्या मातीची असूं नये. घराच्या चहूं बाजूंस तीन-चार फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा असावा. आणि न्हाणीचें व छपराचें पाणी पायाशीं मुरूं न देतां चरानें दूर न्यावें. पायाच्या जमिनीची ओल वर्षभर सारखी राहिली म्हणजे तिचें फुगणें व आकसणें आपोआप कमी होतें.

पहिल्या वर्षीं भिंतीस बारीक तडा गेला तर तो लगेच बुजवूं नये. त्याच्या दोन्ही टोंकांस तारीख लिहून खूण करावी व पावसाळ्यांत आणि उन्हाळ्यांत तो किती उघडतो व मिटतो तें पाहावें. घराची ही नाडी वर्षभर पाहिल्यावर दोष पायाचा कीं गिलाव्याचा, हें स्पष्ट कळतें. ज्यांचें घर अजून बांधावयाचें आहे त्यांनीं जागा एकदां भाद्रपदांत व एकदां वैशाखांत पाहिल्याशिवाय पायाची दोरी टाकूं नये. पहिल्या खेपेस पाणी कोठें सांचतें तें दिसेल, दुसऱ्या खेपेस भेगा किती खोल आहेत तें दिसेल.

उन्हाळ्याची तयारी पावसाळ्यांत व हिंवाळ्यांत

वऱ्हाडचा उन्हाळा किती कडक असतो हें वाचकांस सांगावयास नको. मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यांत अकोल्यास पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. या ऋतूंत घर कशानें तापतें हें समजून घेतलें म्हणजे उपाय सुचतात. अकोल्यास २३-२४ मेच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर असतो. म्हणजे त्या दिवसांत भिंतींपेक्षां छप्परच अधिक तापतें, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. यास्तव पहिला पैसा छपरावर व दुसरा पश्चिमेच्या बाजूवर खर्चावा.

टिनाचें छप्पर दुपारीं भट्टीप्रमाणें तापतें, परंतु रात्रीं लवकर निवतें. स्लॅबचें छप्पर दुपारपर्यंत बरें वाटतें, पण दिवसाची उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलींत सोडीत राहतें. म्हणून टिनाच्या घरांतील म्हाताऱ्या माणसांस, बाळंतिणीस व लहान मुलांस दुपारीं बारा ते चारपर्यंत मांडवांत किंवा झाडाखालीं न्यावें; स्लॅबच्या घरांतील माणसांनीं रात्रीं बाहेर किंवा गच्चीवर निजावें. टिनाखालीं वीतभर पोकळी सोडून तुराट्यांचा तट्टा बसवावा, तो शेणमातीनें दोन्ही बाजूंनीं लिंपावा, आणि पोकळींतील तापलेली हवा जावी म्हणून आढ्याशीं वाट ठेवावी. तुराट्या किंवा पऱ्हाट्या उघड्या टिनावर पसरण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, परंतु ती आगीस आमंत्रण देणारी आहे. स्लॅबवर चुन्याची सफेदी जाड हातानें दिल्यास उन्हाचा मोठा भाग परत फिरतो. पश्चिमेस निजावयाची खोली न ठेवतां कोठी किंवा गोठा ठेवावा. पावसाचा मारा याच बाजूनें येत असल्यामुळें ही योजना दोन ऋतूंत उपयोगी पडते. दक्षिणेकडील खिडकीस दोन फुटांचा पुढावा असला तर उन्हाळ्यांत तिच्यांतून ऊन येत नाहीं व हिंवाळ्यांत मात्र येतें.

कूलर आतां बहुतेक घरीं आहे. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें कूलरचा वारा गार होतो. पाणी उडून जातांना हवेंतील उष्णता घेऊन जातें. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेंत तो उत्तम चालतो, आणि जूनच्या दमट हवेंत नुसती ओल वाढवितो. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवावी. ओली हवा बाहेर गेली नाहीं तर गारवा राहत नाहीं. खाऱ्या पाण्यानें त्याच्या टट्ट्या लवकर क्षार धरून बुजतात, तेव्हां त्या वरचेवर धुवाव्या किंवा बदलाव्या.

आतां वरील साऱ्या साहित्याची वेळ पाहा. तुराट्या निघतात पौष-माघांत; तेव्हां त्या राखून ठेविल्या नाहींत तर चैत्रांत तट्टा कशाचा करणार? सांवलीचें झाड लावावें लागतें आषाढांत. शेवगा व एरंड हीं एका वर्षांत आडोसा देतात. निंबास पुष्कळ वर्षें लागतात, तेव्हां दोन्ही एकदमच लावावीं. मोठें झाड मात्र घरापासून निदान वीस-पंचवीस फुटांवर असावें. त्याचीं मुळें पायाखालची ओल शोषून काळी माती अधिक आकसवितात. मांडवावर दोडक्याचा वेल चढवावयाचा तर त्याचें बी माघांतच आळ्यांत पडलें पाहिजे.

चैत्र-वैशाखांतील वादळी पाऊस हा नव्या घराचा स्वतंत्र शत्रु आहे. ९ एप्रिल २०२३ रोजीं बाळापूर तालुक्यांतील पारस येथें अशाच वादळांत जुनें निंबाचें झाड मंदिराजवळील टिनाच्या शेडवर कोसळून सात माणसें मृत्यु पावलीं. म्हणून टिनाच्या पत्र्यांचे आंकडे व खिळे आवळणें, पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागविण्याची चाल सोडणें, आणि घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या तोडणें हीं कामें फाल्गुनांत उरकावीं. वादळ सुटल्यावर झाडाखालच्या शेडच्या आश्रयास जाऊं नये.

पावसाळ्याची तयारी वैशाखांत

पावसाळ्याचा पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांस ठाऊक आहे. त्यांत सुमारें नऊशें गांवें येतात. तेथें विहीर खणली तरी पाणी खारें लागतें. नवीन माणूस समजतो कीं पाणी उकळलें म्हणजे झालें. उकळल्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहींत. उलट पाणी आटल्यानें खारटपणा किंचित् वाढतोच. अकोट-तेल्हारा भागांत वाण धरणाचें पाणी चौऱ्यांशीं खेडी योजनेनें नळावाटे पोंचविलें जातें. जेथें नळ नाहीं किंवा तो बेभरंवशाचा आहे, तेथें छपराचें पाणी सांठविणें हाच स्वतःच्या हातांतला उपाय होय.

त्याचा हिशेब असा. पांचशें चौरस फुटांच्या छपरावर ७५० मिलिमीटर पावसाचें सुमारें ३५,००० लिटर पाणी पडतें. चतुर्थांश वायां गेलें तरी २६,००० लिटर हातीं लागतें. पांच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास रोज ४० लिटर धरल्यास आश्विन अखेरपासून पावसापर्यंतच्या आठ महिन्यांस दहा हजार लिटर पुरतें. म्हणजे पाऊस कमी पडत नाहीं, टांकी कमी पडते. ही टांकी व पन्हाळ वैशाखांत तयार पाहिजे. पहिल्या दोन-तीन सरींचें पाणी छप्पर धुण्यास सोडून द्यावें, त्यानंतरचें कापडांतून गाळून घ्यावें, टांकीचें तोंड डांसास शिरतां येणार नाहीं असें बंद ठेवावें, व पिण्यापूर्वीं तें पाणी उकळावें. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर राहणारांनीं पावसाळाभर ब्लीचिंग पावडर वापरण्यास आळस करूं नये. नव्या वस्तीवर संडासाचा खड्डा व पाण्याची जागा जवळ जवळ होण्याचा प्रमाद वारंवार घडतो, व त्याचें फळ पहिल्याच आषाढांत हगवणीच्या रूपानें मिळतें.

दुसरा प्रश्न सर्पांचा. उन्हाळ्यांत भेगांतून व बिळांतून राहिलेले सर्प पाणी भरतांच बाहेर पडतात, आणि वावरांतील नवें घर हीच त्यांस कोरडी जागा सांपडते. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडील चार मुख्य विषारी सर्प. त्यांपैकीं मण्यार रात्रीं फिरते व जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तिचा दंश दुखत नसल्यामुळें कित्येकदां तो लक्षांतहि येत नाहीं. म्हणून मृगापासून दिवाळीपर्यंत कोणींहि जमिनीवर निजूं नये. बाज व तिच्या गादीखालीं नीट खोंचलेली मच्छरदाणी एवढ्यानें मोठा धोका टळतो. सरपण, कुटार व भंगार घराच्या भिंतीस लागून रचूं नये. दंश झाल्यास मांत्रिकाकडे किंवा बांधणें-कापणें यांत वेळ न दवडतां, दंशाचा अवयव न हलवितां, रुग्णास थेट सरकारी दवाखान्यांत न्यावें. या चारहि सर्पांच्या विषावर एकच लस चालते. रात्रींच्या वेळीं जवळची लस कोठें मिळते, आणि नाल्यास पूर आल्यास तेथें कोणत्या वाटेनें जावें, याची चौकशी वैशाखांत करावी. आषाढांतील काळोख्या रात्रीं ती चौकशी होत नाहीं.

जनावरांसहि हाच न्याय आहे. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वींच टोंचून घ्यावी. गोठ्याची जमीन आजूबाजूच्या जमिनीहून फूटभर उंच व मुरमाची करावी. काळ्या चिखलांत महिनाभर उभ्या राहिलेल्या बैलाचे खूर पोळ्यापर्यंत टिकत नाहींत.

पेरणीविषयीं नव्या माणसास एक सूचना अवश्य द्यावी. हलक्या जमिनींत पहिल्या चांगल्या सरीवर पेरणें कदाचित् साधतें. खोल काळींत पहिला पाऊस भेगाच पिऊन टाकतात. वरची वीतभर माती ओली दिसते, खालीं कोरड असते, आणि मध्यें उघाड पडली कीं बियाणें जळतें. निदान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरूं नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला या भागांत अक्षरशः पाळावा. १९६९ सालीं स्थापन झालेलें अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ जवळच आहे. कोणत्या जमिनींत कोणतें वाण घ्यावें हें तेथें विचारण्यास संकोच नसावा. नव्या जागीं पहिलें बियाणें बुडालें म्हणजे मिळालेला पैसा त्याच वर्षीं सावकाराच्या घरीं जातो.

आश्विनाचें ऊन आणि हिंवाळा

पाऊस गेला म्हणजे संकट टळलें असें वाटतें, परंतु आश्विन महिना फसवा आहे. वर ऊन, खालीं ओल, आणि डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी. २०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत अशाच कपाशींत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. ज्यानें डोंगरांत कधीं पंप पाठीवर घेतला नाहीं त्यास नव्या वर्षींच फवारणीच्या कामास लावणें हें माणुसकीस धरून नाहीं. भर दुपारीं, वाऱ्याच्या तोंडीं किंवा उघड्या अंगानें फवारणी करूं नये, हें त्यास मालकानें स्वतः दाखवून द्यावें. याच सुमारास गवताच्या झुडपांतील बारीक किड्यांच्या चाव्यानें होणारा स्क्रब टायफस हा ताप २०१८ सालीं विदर्भांत पुष्कळ ठिकाणीं दिसून आला. घराभोंवतालचें गवत कापावें, आणि ताप अंगावर काढूं नये.

हिंवाळा वऱ्हाडांत थोडा असतो, पण उघड्या मैदानावरील एकट्या घरास तो गांवांतील घरापेक्षां अधिक जाणवतो. निरभ्र रात्रीं गार हवा जड होऊन सखल भागांत उतरते. त्यामुळें नाल्याकांठचें घर धुऱ्यावरील घरापेक्षां थंड राहतें. थंडीसाठीं बंद खोलींत शेगडी पेटवून निजणें प्राणघातक आहे. तिच्या विषारी वायूस वासहि नसतो. बाकी हा ऋतु सुखाचा व कामाचा. पायाची दुरुस्ती, टांकीचें बांधकाम, तुराट्या व कडब्याचा सांठा यांस याहून चांगला काळ नाहीं; आणि जो हुरडा खाण्यांत हे तीन महिने घालवितो त्यास वैशाख त्याची आठवण करून देतो.

वर्षाचा गोषवारा

सोयीसाठीं वरील कामें महिनेवारीनें देत आहों. प्रत्येक काम पुढल्या ऋतूचें आहे, हें लक्षांत ठेवावें.

फाल्गुन-चैत्र : छपराचे खिळे-आंकडे आवळणें, वाळक्या फांद्या तोडणें, तट्टा व मांडव उभारणें, सफेदी देणें.

वैशाख : टांकी व पन्हाळ, घराभोंवतीं चर, गोठ्याची भरती, जनावरांस लस, दवाखान्याच्या वाटेची चौकशी, सरपण कोरड्या जागीं.

ज्येष्ठ-आषाढ : बाज व मच्छरदाणी, सांवलीचीं झाडें लावणें, ओल खोल गेल्यावर पेरणी.

श्रावण-भाद्रपद : पाणी कोठें सांचतें तेथें खुंट्या ठोकणें, भिंतीच्या तड्यांवर तारीख लिहिणें, टांकी भरून घेणें.

आश्विन-कार्तिक : गवत कापणें, फवारणींत सावधगिरी, पांघरुणांची तजवीज.

मार्गशीर्ष-माघ : पाया व बांधकाम, तुराट्या, कडबा व कुटार यांचा सांठा, वेलांचें बी लावणें.

शेजाऱ्याचें कर्तव्य

येथें एक शंका सहज येईल. पुढल्या ऋतूची तयारी आधीं करावी हें खरें; परंतु ज्यानें तो ऋतु त्या जागीं कधीं पाहिलाच नाहीं, त्यानें ती कशी करावी? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर नव्या माणसाजवळ नाहीं, जुन्या शेजाऱ्याजवळ आहे. नाल्याचें पाणी कोणत्या बाभळीपर्यंत चढतें, कोणत्या विहिरीचें पाणी चैत्रांत खारट होतें, कोणत्या वावरांत वाफसा उशिरां येतो, हें कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें नसतें. तें धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्यास ठाऊक असतें, आणि विचारल्याशिवाय सांगण्याची आपल्यांत चाल नाहीं. डोंगरांतून आलेला माणूस तर विचारण्यासहि बिचकतो. त्याची बोली निराळी, आणि आपण त्यास बहुधा मजूर म्हणूनच ओळखतों. त्यांचीं गांवें आपल्या शिवारास लागून वसलीं, त्यांचीं मुलें आपल्या मुलांच्या शाळेंत आलीं. तरी वैशाखांत त्यांच्या वस्तींत जाऊन चार गोष्टी सांगून आलेले शेतकरी आपल्यांत किती निघतील, याचा प्रत्येकानें आपल्याशीं विचार करावा.

सभासदांस आमची एवढीच विनंति आहे कीं, ज्यांच्या शिवेवर या वर्षीं नवें घर किंवा नवी वस्ती झाली असेल, त्यांनीं रोहिणी लागण्यापूर्वीं एक संध्याकाळ तेथें जाऊन बसावें. पुराची खूण दाखवावी, गोड्या पाण्याची विहीर दाखवावी, पेरणीची घाई करूं नका म्हणून सांगावें, आणि मुलें जमिनीवर निजत असतील तर दोन जुन्या बाजा पाठवून द्याव्या. पुढल्या वर्षीं हें सांगावें लागणार नाहीं. तोंपर्यंत वर्षाचें एक चक्र पुरें होऊन तीं माणसें आपल्याच पंचांगानें चालूं लागलेलीं असतील.